चालू सामन्यात प्रेक्षक मैदानात आला, तर पंचांनी काय करायचं? बास्केटबॉलचे नियम सोप्या भाषेत

समजा, पिंपळवंडीच्या आसपासच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलींचा बास्केटबॉलचा सामना सुरू आहे. शेवटची १२ सेकंदं उरलीत आणि फरक आहे फक्त एका गुणाचा. पाहुण्या संघाची मुलगी बॉल घेऊन एकटीच बास्केटकडे पळत सुटलीय. समोर कुणी नाही.

तेवढ्यात रेषेला चिकटून उभ्या असलेल्या घोळक्यातून एक जण मोबाईल धरून आत सरकतो. नाहीतर मागून कुणीतरी गंमत म्हणून शिट्टी वाजवतो. मुलगी थबकते, बॉल हातातून निसटतो. एका बाजूने जल्लोष, दुसऱ्या बाजूने आरडाओरडा. सगळे बघतात पंचाकडे.

आता पंचाने काय करायचं? बास्केट झाली असं धरून दोन गुण द्यायचे? यजमान संघाला दंड करायचा? की “खेळा, खेळा” म्हणत पुढे जायचं?

क्रिकेटचे नियम गल्लीतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. बास्केटबॉलच्या या नियमांबद्दल मात्र खेळणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊया.

या खेळात बोर्ड आला तोच प्रेक्षकांमुळे

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला. थंडीच्या दिवसांत मुलांना व्यायामशाळेच्या आतच खेळता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या घेतल्या आणि व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता. आजही जगभरात रिंगची उंची १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर आहे, ती तिथूनच आली.

पण सज्जात प्रेक्षक उभे राहायचे. टोपली त्यांच्या हाताच्या अंतरावर. आपल्या संघाचा बॉल असला की हात लावून आत ढकलायचा, समोरच्यांचा असला की बाहेर. म्हणून १८९० च्या दशकातच टोपलीच्या मागे जाळीचा पडदा लावायला सुरुवात झाली. तोच पुढे बॅकबोर्ड झाला. आज आपण बॉल बोर्डवर आपटून बास्केट करतो, पण मुळात तो बोर्ड प्रेक्षकांचे हात अडवायला आला होता.

दुसरी भानगड बॉल बाहेर गेल्यावर व्हायची. नेस्मिथच्या पहिल्या १३ नियमांमध्ये, बाहेर गेलेल्या बॉलला जो आधी हात लावेल त्याचा बॉल, असं होतं. मग खेळाडू बॉलमागे थेट प्रेक्षकांत घुसायचे. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून मैदानाभोवती चक्क जाळीचा पिंजरा उभारला गेला. त्यामुळेच अमेरिकेत बास्केटबॉलपटूंना ‘केजर्स’, म्हणजे पिंजऱ्यातले खेळाडू, असं नाव पडलं.

थोडक्यात, खेळ आणि प्रेक्षक यांच्यात अंतर कसं ठेवायचं, हा प्रश्न बास्केटबॉलच्या जन्मापासूनचा आहे.

कुठला त्रास ‘अडथळा’ समजायचा?

प्रेक्षक ओरडतात, हुर्यो उडवतात, ढोल वाजवतात. हे सगळं खेळाचाच भाग आहे. फ्री थ्रो घेताना रिंगच्या मागे बसलेल्या लोकांनी हात हलवले तरी पंच काही करत नाहीत. फ्री थ्रो घेणाऱ्याचं लक्ष विचलित करायला बंदी आहे ती प्रतिस्पर्धी संघाला, प्रेक्षकांना नाही.

अडथळा म्हणायचा तो तेव्हा, जेव्हा प्रेक्षकामुळे प्रत्यक्ष खेळ बदलतो किंवा कुणाला इजा होण्याची शक्यता निर्माण होते. ढोबळपणे त्याचे चार प्रकार पडतात.

१. शरीराने आत येणं: मैदानात पळत येणं, रेषेवर पाय पुढे करून बसणं, खेळाडूला धक्का देणं किंवा पकडणं.

२. वस्तू आत येणं: बाटली, नाणं, कागदाचे बोळे, फटाका, दुसरा बॉल.

३. फसवणारा आवाज किंवा प्रकाश: पंचासारखी शिट्टी, वेळ संपल्याच्या भोंग्यासारखा भोंगा, डोळ्यावर मारलेला लेझर.

४. धमकी आणि शिवीगाळ: जात, धर्म, रंग, लिंग यावरून केलेली शेरेबाजी, पंचाला किंवा खेळाडूला मारण्याची धमकी.

पहिल्या तीन प्रकारांत प्रश्न असतो खेळाच्या न्यायाचा. चौथ्यात तो सुरक्षिततेचा आणि माणसाच्या सन्मानाचा होतो. पंचाने कुठला प्रकार आहे हे आधी ओळखायचं, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पंचाच्या हातात नेमके अधिकार किती?

आपल्याकडच्या स्पर्धा साधारणपणे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार होतात. त्यात मैदानावर एक मुख्य पंच आणि एक किंवा दोन सहपंच असतात. टेबलावर गुण लिहिणारे, वेळ बघणारे आणि शॉट क्लॉक सांभाळणारे अधिकारी बसतात.

या नियमांमध्ये ‘प्रेक्षक आत आला तर अमुक करा’ असं वेगळं कलम शोधायला गेलात तर सापडत नाही. पण चार तरतुदी एकत्र वाचल्या की उत्तर मिळतं.

एक: पंचांचा अधिकार फक्त रेषेच्या आत नसतो. रेषेबाहेरची जागा, टेबल, संघांचे बाक आणि रेषांच्या लगेच मागचा भागही त्यांच्या अखत्यारीत येतो. सामन्याच्या ठरलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी पंच मैदानावर आले की हा अधिकार सुरू होतो.

दोन: परिस्थिती तशी असेल तर सामना थांबवण्याचा अधिकार मुख्य पंचाला आहे.

तीन: नियमांत जे स्पष्ट लिहिलेलं नाही, त्यावर निर्णय घेण्याचा अधिकारही मुख्य पंचालाच आहे.

चार: दोन्ही संघांशी संबंध नसलेल्या कारणाने खेळ थांबला, तर पुन्हा कसा सुरू करायचा आणि शॉट क्लॉक कितीवर ठेवायचा, हे नियमांत स्पष्ट दिलंय. प्रेक्षकाचा अडथळा याच खात्यात येतो.

आता एक गोष्ट जी अनेकांना खटकते. फिबाच्या नियमांत प्रेक्षकाच्या वागण्याबद्दल संघाला टेक्निकल फाउल देण्याची तरतूद नाही. टेक्निकल फाउल खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि संघाच्या बाकावर बसलेल्यांच्या वागण्यासाठी असतो.

इथेच एक मेख आहे. एखाद्या खेळाडूचे वडील किंवा गावातला कुणी ‘मोठा माणूस’ संघाच्या बाकावर सोबतची मंडळी म्हणून बसला, तर तो प्रेक्षक उरत नाही. त्याने तिथून गोंधळ घातला तर टेक्निकल फाउल लागतो, आणि तो मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर नोंदला जातो. म्हणून हुशार प्रशिक्षक आपल्या बाकावर नको त्या माणसाला बसू देत नाहीत.

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलचे नियम यापेक्षा कडक आहेत. तिथे समर्थकांनी खेळात व्यत्यय आणला तर पंच त्या संघाला फाउल देऊ शकतात. पण त्याच नियमाच्या टिपेत बजावून ठेवलंय की हा अधिकार जपून वापरा, नाहीतर संघाला विनाकारण शिक्षा होईल. आणि प्रेक्षकांना आवरण्याची जबाबदारी यजमान व्यवस्थापनाची आहे, असंही तिथे म्हटलंय.

शिट्टी लगेच मारायची की थांबायचं?

पंचापुढचा सगळ्यात अवघड निर्णय हाच. कारण शिट्टी मारली की घड्याळ थांबतं, बॉल ‘डेड’ होतो आणि कुणाची तरी चांगली संधी हातची जाते.

यासाठी जखमी खेळाडूबद्दलचा नियम मार्गदर्शक ठरतो. खेळाडूला इजा झाली आणि बॉल चालू असेल, तर ज्या संघाकडे बॉल आहे त्याची चाल पूर्ण होईपर्यंत पंच थांबतात. पण खेळाडूला वाचवण्यासाठी गरज असेल तर लगेच खेळ थांबवतात.

हाच विचार इथे लावायचा. एखादं लहान मूल एका टोकाला रेषेच्या आत आलंय आणि खेळ दुसऱ्या टोकाला सुरू आहे. तर जवळच्या पंचाने हाताने खूण करून त्याला बाहेर काढावं आणि चाल पूर्ण होऊ द्यावी. पण तेच मूल पळणाऱ्या खेळाडूच्या वाटेत असेल, तर बास्केट होईल की नाही याचा विचार न करता शिट्टी मारायची. बाटली, काच, फटाका आत आला तर थांबायचा प्रश्नच नाही.

फुटबॉलमध्येही थोडंफार असंच आहे. प्रेक्षक मैदानात आला म्हणून रेफ्रीने खेळ थांबवलाच पाहिजे असं नाही, त्याने खेळात अडथळा आणला तरच थांबवायचा. आणि त्या कारणाने थांबवला, तर ड्रॉप बॉलने सुरू करायचा.

प्रसंग आणि निर्णय

आता नेहमी घडणारे प्रसंग घेऊया.

बॉल रेषेबाहेर उभ्या प्रेक्षकाला लागून परत आत आला. हा साधा ‘आउट’ आहे. रेषेबाहेरच्या कुठल्याही माणसाला बॉल लागला की तो बाहेर गेला. बॉलला शेवटचा हात ज्या खेळाडूचा लागला, त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन. प्रेक्षकाने मुद्दाम ढकलला की चुकून लागला, याने फरक पडत नाही.

प्रेक्षक आत आला, बॉल एका संघाच्या ताब्यात होता. शिट्टी. मैदान रिकामं करायचं. ज्या संघाकडे बॉल होता त्यालाच, जिथे खेळ थांबला त्याच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन.

मग शॉट क्लॉकचं काय? थ्रो-इन संघाच्या स्वतःच्या अर्ध्या भागातून असेल तर २४ सेकंदं नव्याने. समोरच्या अर्ध्या भागातून असेल तर बघायचं: १४ किंवा जास्त सेकंदं उरली असतील तर तिथूनच पुढे, १३ किंवा कमी असतील तर १४. पण इथे महत्त्वाचा अपवाद आहे. असे वाढीव सेकंद दिल्याने दुसऱ्या संघावर अन्याय होतो असं पंचाला वाटलं, तर घड्याळ थांबलं होतं तिथूनच चालू ठेवायचं. उदाहरणार्थ, बचाव करणाऱ्या संघाने २२ सेकंदं जिवाचं रान करून समोरच्याला अडवलंय आणि तेवढ्यात प्रेक्षक आत येतो. आता हल्ला करणाऱ्या संघाला नवी १४ सेकंदं दिली, तर बचाव करणाऱ्यांची मेहनत पाण्यात. हा अपवाद नसता तर हल्ला करणाऱ्या संघाच्या समर्थकांना मैदानात घुसणं फायद्याचं ठरलं असतं!

बॉल बास्केटच्या दिशेने हवेत आहे आणि पंचाने प्रेक्षकासाठी शिट्टी मारली. बॉल हातातून आधीच सुटलेला असेल आणि तो आत गेला, तर बास्केट मोजायची. आत गेला नाही, तर त्या क्षणी बॉल कुणाच्याच ताब्यात नाही असं धरलं जातं, कारण शॉट हातातून सुटला की संघाचा ताबा संपतो. मग जंप बॉलची परिस्थिती होते आणि टेबलावरचा बाण ज्या संघाकडे असेल त्याला थ्रो-इन मिळतो.

प्रेक्षकाने शिट्टी वाजवली आणि खेळाडू थांबले. बॉल डेड होतो तो पंचाच्या शिट्टीने किंवा घड्याळाच्या अधिकृत इशाऱ्याने. गर्दीतल्या शिट्टीने होत नाही. कुणी फसलं नसेल तर पंचाने “खेळा” म्हणावं. पण खेळाडू खरंच फसले असतील तर मुख्य पंचाने खेळ थांबवावा, शिट्टी वाजली त्या क्षणी ज्याच्याकडे बॉल होता त्याला तो द्यावा आणि शिट्टी जप्त करायला संयोजकांना सांगावं.

हवेतल्या बॉलला प्रेक्षकाने हात लावला. गोलटेंडिंगचा नियम खेळाडूंसाठी आहे. प्रेक्षकाच्या हातासाठी तो लावून गुण देता येत नाहीत. इथे मुख्य पंचाने सहपंचांशी बोलून, नियमांत नसलेल्या गोष्टीवर निर्णय घेण्याचा आपला अधिकार वापरायचा.

खेळाडू आणि प्रेक्षक यांची जुंपली. खेळाडूला आधी दूर करायचं. त्याने प्रेक्षकाला मारलं तर ‘त्याने आधी काढली’ हे कारण पंचापुढे चालत नाही, खेळाडूवर कारवाई होते.

याचं शहाणं उदाहरण म्हणजे २०१९ च्या एनबीए अंतिम फेरीचा तिसरा सामना. टोरांटोचा कायल लाउरी बॉलमागे धावत प्रेक्षकांत पडला. तिथे बसलेल्या एकाने त्याला ढकललं. तो होता गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचा भागीदार मार्क स्टीव्हन्स. लाउरीने हात उचलला नाही, पंचाला सांगितलं. स्टीव्हन्सला बाहेर काढलं गेलं, पुढे एक वर्षाची बंदी आणि ५ लाख डॉलरचा दंड झाला.

याच्या उलट घडलं १९ नोव्हेंबर २००४ रोजी, डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये. इंडियाना पेसर्स आणि डेट्रॉइट पिस्टन्सचे खेळाडू एकमेकांना भिडले होते. ते शमत असताना स्टँडमधून आलेला पेयाचा ग्लास रॉन आर्टेस्टला लागला आणि तो थेट प्रेक्षकांत घुसला. मग हाणामारी. ४५.९ सेकंदं बाकी असताना पंचांनी सामना तिथेच संपवला. पेसर्स ९७-८२ ने पुढे होते, तोच निकाल राहिला. ९ खेळाडूंवर मिळून १४६ सामन्यांची बंदी आली, त्यातली ८६ एकट्या आर्टेस्टवर. त्यानंतर एनबीएने चौथ्या सत्रात दारू विकायला बंदी घातली आणि सुरक्षेचे नियम कडक केले.

आपल्याकडचे तीन धडे

प्रेक्षक आणि पंच यांचा सगळ्यात मोठा इतिहास आपल्याकडे क्रिकेटमध्ये आहे.

पहिला धडा, ब्रेबॉर्न, नोव्हेंबर १९६९. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवरच्या समालोचनात या निर्णयावर शंका घेतली गेली आणि ती स्टँडमधल्या ट्रान्झिस्टरवर हजारोंनी ऐकली. खुर्च्या जळल्या, धूर मैदानावर आला, तरी खेळ सुरूच राहिला. आज ट्रान्झिस्टरच्या जागी मोबाईल आहे, एवढाच फरक. पंचाचा निर्णय चुकला की बरोबर हे ठरायच्या आधीच क्लिप फिरलेली असते.

दुसरा धडा, वानखेडे, जानेवारी १९७५. नव्याकोऱ्या वानखेडेवरची पहिली कसोटी. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केलं आणि एक तरुण त्याचं अभिनंदन करायला धावत आत गेला. त्याने कुणाला इजा केली नव्हती. पण पोलिसांनी त्याला मारलं, ते स्टँडमधल्या लोकांनी पाहिलं आणि दंगल उसळली. खेळाचा बराच वेळ वाया गेला. आत आलेल्या माणसाला बाहेर कसं काढता, यावरही पुढचं सगळं अवलंबून असतं.

तिसरा धडा, कोलकाता, १३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारत ८ बाद १२०. ईडन गार्डन्सवर बाटल्या पडू लागल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली. सामनाधिकाऱ्याने आधी संघांना आत नेलं, थोड्या वेळाने पुन्हा संधी दिली. बाटल्या पुन्हा आल्या, तेव्हा त्याने सामना श्रीलंकेला बहाल केला. रडत परतणारा विनोद कांबळी आजही सगळ्यांना आठवतो. आणि तो सामनाधिकारी कोण होता? तोच क्लाइव्ह लॉइड!

ईडनवरच फेब्रुवारी १९९९ मध्ये, शोएब अख्तरला धडकून सचिन धावबाद झाला त्या कसोटीत, तिसरा मार्ग वापरला गेला. पोलिसांनी स्टँड रिकामे केले आणि उरलेला खेळ मोकळ्या मैदानात पूर्ण झाला.

थांबवा, संधी द्या, प्रेक्षकांना बाहेर काढा, आणि काहीच जमलं नाही तर सामना संपवा. पंचाच्या हातातल्या पायऱ्या अशा चढत जातात.

गोंधळ झालाच, तर पंचाने करायच्या ७ गोष्टी

१. शिट्टी आणि घड्याळ: जोरात शिट्टी, हात वर. घड्याळात किती वेळ होता, शॉट क्लॉक किती होता, बॉल कुणाकडे आणि कुठे होता, हे आधी डोक्यात पक्कं करायचं आणि टेबलाला सांगायचं. नंतर वाद याच चार गोष्टींवर होतो.

२. खेळाडू बाकाकडे: दोन्ही संघांना आपापल्या बाकाजवळ पाठवायचं. मैदानाच्या मधोमध कुणी नको.

३. प्रेक्षकाशी स्वतः भिडायचं नाही: पंचाने हात लावायचा नाही, वाद घालायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. संयोजकांना बोलवायचं. स्पर्धेला तांत्रिक प्रतिनिधी असेल तर त्यालाही. प्रकरण हाताबाहेर जात असेल तर पोलीस, ११२ क्रमांक.

४. पंचांनी आपसात बोलायचं: कुणी काय पाहिलं, हे दोन-तीन वाक्यांत.

५. दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र सांगायचं: एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्याला संशय येतो. निर्णय आणि कारण, थोडक्यात.

६. मैदान सुरक्षित झाल्यावरच सुरुवात: फरशीवर पाणी, काच, कागद काहीही नको. “पोरं सांभाळून खेळतील” हे उत्तर चालत नाही.

७. लिहून ठेवायचं: सही करण्यापूर्वी गुणपत्रिकेवर घटनेची नोंद आणि नंतर संयोजकांना सविस्तर अहवाल. काय दिसलं तेच लिहायचं, ऐकीव नाही.

सामना पूर्ण होऊच शकत नसेल, तर पुढचं स्पर्धा समिती ठरवते: उरलेला वेळ नंतर खेळवायचा, पुन्हा सामना घ्यायचा की आहे तो निकाल धरायचा. एखाद्या संघाला २०-० ने पराभूत ठरवण्याचा नियम आहे, पण तो संघाच्या स्वतःच्या वागण्यामुळे खेळ होऊ शकला नाही तर, संघ खेळायला नकार देत असेल तर किंवा वेळेवर हजर नसेल तर. प्रेक्षकांच्या रागाचं बिल पोरांच्या नावावर फाडण्याआधी पंचाने दहादा विचार करावा.

आपल्या मैदानांवर हे जास्त अवघड का?

राज्यात क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात, आणि बास्केटबॉल त्यात आहे. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात गॅलरी असते, अंतर असतं. तालुक्याच्या ठिकाणी सिमेंटचं उघडं मैदान असतं आणि लोक रेषेवरच उभे असतात. पंच म्हणून बऱ्याचदा कुठल्यातरी शाळेचे क्रीडाशिक्षकच असतात, ज्यांना उद्या त्याच पालकांना तोंड द्यायचं असतं.

जुन्नर-आंबेगाव पट्ट्याला गर्दीचं व्यवस्थापन नवीन नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवल्यावर बैलगाडा शर्यतींवरची अनिश्चितता संपली. घाटात गर्दी झाली की निवेदक माईकवरून सतत ओरडत असतो, “बाजूला व्हा, घाट मोकळा करा.” कारण सुटलेला गाडा थांबवून पुन्हा पहिल्यापासून पळवता येत नाही, आणि मध्ये आलेला माणूस जिवाला मुकू शकतो. घाटात आपण जी काळजी घेतो, ती शाळेच्या मैदानावर का नको?

खर्चही फार नाही. नियमानुसार मैदानाच्या रेषेपासून किमान २ मीटर जागा मोकळी हवी. तेवढ्यावर फक्कीची दुसरी रेषा आखा, एक दोरी बांधा. रिंगच्या मागे कुणाला उभं करू नका. दोन्ही गावांचे समर्थक समोरासमोर बसवा, शेजारी नको. चार स्वयंसेवकांना ओळखू येतील असे टी-शर्ट द्या. आणि सामन्याआधी पंचाने संयोजकांना एकच प्रश्न विचारावा: “गडबड झाली तर मी कुणाकडे बघायचं?” त्या माणसाचं नाव माहीत नसेल, तर सामना सुरू करायची घाई नको.

मग त्या मुलीचं काय?

सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत येऊ. १२ सेकंदं, एक गुण, एकटी पळणारी मुलगी आणि गर्दीतली शिट्टी.

नियमाने पंच खेळ थांबवेल. शिट्टी वाजली तेव्हा बॉल तिच्याकडे होता, म्हणून बॉल तिच्याच संघाला मिळेल, जवळच्या जागेवरून थ्रो-इनसाठी. शिट्टी मारणाऱ्याला संयोजक बाहेर काढतील. गुणपत्रिकेवर नोंद होईल. निर्णय अगदी बरोबर.

पण थ्रो-इन होईपर्यंत समोरच्या संघाच्या पाचही मुली बचावाला परत आलेल्या असतील. मोकळी बास्केट गेली ती गेली. तिला ती परत देणारं कुठलंही कलम नियमांच्या पुस्तकात नाही, आणि मनाने दोन गुण देणाऱ्या पंचाला तसा अधिकारही नाही.

म्हणून पंचाचं निम्मं काम पहिली शिट्टी वाजायच्या आधी, त्या २० मिनिटांत असतं: रेषेजवळची गर्दी मागे सारणं, रिंगमागची जागा मोकळी करणं, संयोजकांशी बोलणं. उरलेलं निम्मं काम आपलं, म्हणजे बघणाऱ्यांचं.

पुढच्या वेळी सामन्याला गेलात तर रेषेपासून दोन पावलं मागे उभे राहा. व्हिडिओ तिथूनही चांगला येतो. आणि पंचाची क्लिप शेअर करण्याआधी एकदा बघा, तो नियमाने वागत होता का. आता तो नियम तुम्हालाही माहीत आहे.